पाऊस चुकवायचा तर पूर्वेला पळा : औंधचं श्री भवानी संग्रहालय

ठोसेघरचा धबधबा बघायला जायचं म्हणून सकाळी सहालाच भाकऱ्या थापल्या, खर्डा वाटला, दह्याच्या डब्याला फडकं बांधलं. आठ वाजता साताऱ्याच्या बोगद्यातून पलीकडे निघालो आणि समोरचं दिसायचं बंद झालं. रस्ता कुठला, दरड कुठली, काही कळेना. दिरांची जुनी गाडी. तिचा एक वायपर चालतो आणि दुसरा त्याच्याकडे बघत बसतो. मागून आत्या म्हणाल्या, "पाणीच बघायचंय ना? मग हितनंच दिसतंय की." मालकांनी निमूटपणे गाडी वळवली.

आता परत घरी जायचं म्हणजे लेकीचं तोंड फुगणार, आणि मी दुकानाचं शटर आठवड्यातून एकदाच पूर्ण दिवस खाली ठेवते. मी लेडीज टेलर आहे, ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस. श्रावण जवळ आला की मला मान वर करायला फुरसत नसते. तो एक दिवस फुकट घालवायला जिवावर आलं.

मालक म्हणाले, मागच्या वर्षीसारखं करू, तिकडं वर जाऊ. मी हातच जोडले. मागच्या पावसाळ्यात आम्ही थंड हवेच्या एका ठिकाणी 'पाऊस असला तरी मजा' अशी पाटी बघून आत शिरलो होतो. नाव घेत नाही, पण तसल्या जागा सगळीकडे सारख्याच. माणशी तिकीट, आत अंधार, दोरीवर लटकलेला सांगाडा, आरशांची एक खोली आणि मेणाचे पुतळे. पुतळा कुणाचा हे खालच्या पाटीशिवाय ओळखू येत नव्हतं. एका पुढाऱ्याच्या कोटाची डावी बाही उजवीकडे जोडलेली होती. बाकी कुणाला दिसलं नाही, मला मात्र दुसरं काही दिसेना. बाहीचा पुढचा गोल मागे गेला की खांद्याला कशी सुरकुती पडते ते बघत मी तिथे उभी, आणि लेक भुताला घाबरून रडतेय. वीस मिनिटांत बाहेर. चौघांच्या तिकिटात तीन अस्तराचे ब्लाउज शिवून झाले असते.

म्हणून म्हटलं, औंध. आत्यांना यमाईचं दर्शन होईल आणि आम्हाला छप्पर मिळेल.

बाहेरगावहून येणाऱ्यांना आपल्या जिल्ह्याची एक गंमत माहीत नसते. पावसाळा म्हटलं की सगळे पश्चिमेकडे धावतात: कास, ठोसेघर, महाबळेश्वर. पण ढग येतात ते घाटमाथ्यावरच रिकामे होतात. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावात ५०० च्या आसपास. दहा पट फरक, तोही एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरात. औंध खटाव तालुक्यात आहे. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे ४५ किलोमीटरच्या आसपास. साताऱ्यात धो धो, रहिमतपूरच्या अलीकडे आल्याच्या सऱ्यांवर नुसती भुरभुर, आणि औंधचा डोंगर दिसला तेव्हा रस्ता कोरडा. मालकांनी वायपर बंद केला आणि गाडीत एकदम शांतता झाली.

वाटेत चहाला थांबलो तो चहा सोडून द्या. साखरेच्या पाकात दुधाची पावडर. तुम्ही घरून थर्मास भरून न्या.

संग्रहालय गावात नाही. यमाईचं मूळपीठ डोंगरावर आहे, त्या चढाच्या वाटेवर मध्येच ही इमारत लागते. गाडी जाते, त्यामुळे गुडघेवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. आधी दर्शन की आधी चित्रं यावर थोडी चर्चा झाली, पण तेवढ्यात इथेही भुरभुर सुरू झाली, म्हणून आधी आत शिरलो.

आत्या दारातच विचारतात, "हे समदं कुणाचं गं?" तर हे सगळं औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं. संस्थान केवढं, तर ७२ गावांचं, आणि तीही सलग नाहीत, इथं चार तिथं दोन अशी विखुरलेली. त्यात निम्मा मुलूख दुष्काळी. असल्या संस्थानाच्या राजाने आयुष्यभर चित्रं जमवली, स्वतः काढली, रामायणाची चित्रं काढून १९१६ मध्ये पुस्तक छापलं, कीर्तनं केली, सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला. आणि १९३८ मध्ये ही इमारत उभी करून सगळा खजिना लोकांना बघायला मांडला. पुढच्याच जानेवारीत, म्हणजे १९३९ ला, संस्थानाचा कारभारही प्रजेच्या हाती दिला. लेक शाळेत सूर्यनमस्कार घालते. तिला म्हटलं, तुला सकाळी सकाळी घाम काढायला लावणारे ते हेच राजे. तिने फोटोकडे जरा रागानेच बघितलं.

मी चित्रकलेतली नाही. शाळेत चित्रकलेच्या तासाला माझा हत्ती म्हशीसारखा यायचा. त्यामुळे 'शैली' वगैरेवर मी काही सांगणार नाही. मी कापड बघते.

आईच्या देवघरात रवि वर्मांची लक्ष्मी होती. छापील, कोपऱ्यात बुरशी धरलेली, काचेच्या आत एक मेलेली मुंगी. लहानपणापासून मला रवि वर्मा म्हणजे ते कॅलेंडर. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि मग देव घरोघरी पोचले, त्यातलीच ही. औंधला त्यांच्या हातची तैलचित्रं समोर लागली तेव्हा कळलं की मी इतकी वर्षं झेरॉक्स बघत होते.

जरीचंच सांगते. लांबून बघितलं तर काठ सोन्याचा. एकेक तार चमकते, पदराच्या घडीवर चमक मोडते, घडीच्या पोटात विझते. मला वाटलं सोनेरी रंग लावला असणार. जवळ गेले, हात पाठीमागे बांधून, नाक चित्रापासून हातभर अंतरावर. तर सोनं कुठेच नाही! तपकिरी आहे, मातकट पिवळा आहे, थोडा हिरवट आहे, आणि वर मोहरीएवढे पांढरे ठिपके. चार पावलं मागे आले, परत जर. परत पुढे, परत चिखल. असं मी पाच-सहा वेळा केलं. शेवटी तिथल्या माणसाने विचारलं, "ताई, काय हरवलंय का?"

दुसरं म्हणजे कापडाचं वजन. पैठणीच्या निऱ्या आणि मलमलीच्या निऱ्या वेगळ्या पडतात. पैठणी मोडते, मलमल वाहते. गिऱ्हाईक नेटचं कापड घेऊन येतं आणि 'फोटोतल्यासारखा घेर पाहिजे' म्हणतं, तेव्हा मी हेच समजावून थकते. या माणसाने ते रंगात पकडलंय. गुडघ्यावर कापड ताणलंय तिथे निरी सपाट, खाली सुटली की लगेच तिला कडा. रवि वर्मा केरळचे, १८४८ चा जन्म, तिकडचा पेहराव वेगळा. पण देवींना, पुराणातल्या बायकांना त्यांनी आपली नऊवारी नेसवली. ती नेसवताना कुणीतरी समोर नेसून उभी राहिली असणारच, कारण कासोट्याचा ताण नुसत्या कल्पनेने काढता येत नाही. आत्या आजही नऊवारीच नेसतात. त्या एका चित्रापुढे थांबून म्हणाल्या, "ही बाई नेसलीय चांगली, पण वचा जरा सैल हाय. चालायला लागली की सुटंल." कलासमीक्षा याहून नेमकी मी ऐकलेली नाही.

बाह्या मात्र मी वहीत काढून घेतल्या. दंडावर घट्ट बसणारी आखूड बाही, कडेला काठाची पट्टी, आणि खांद्याशी बारीक चुण्या. हल्ली 'बाहुबली बाही' म्हणून जे मागतात त्यापेक्षा कितीतरी नीट. माझी पेन्सिल काही ठीक चालत नाही, पण बाही मला काढता येते.

चित्रकार धुरंधरांची चित्रंही इथे आहेत. ते आपल्या शेजारचे, कोल्हापूरचे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि तिथेच शिकवलं. रवि वर्मांची बाई कुणीतरी बघतंय हे जाणून बसलेली असते. धुरंधरांची बाई कामात असते, असं मला वाटलं. मला त्या जास्त ओळखीच्या वाटल्या. बाबूराव पेंटर आहेत, पंडित सातवळेकर आहेत. वेदांचे भाष्यकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते चित्रं काढायचे हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. मुघल, पहाडी, विजापुरी अशी छोटी चित्रंही आहेत. त्यांना भिंग आणि शांत डोकं लागतं. माझ्याकडे त्या दिवशी दोन्ही नव्हतं, कारण लेकीला भूक लागली होती. परदेशी नावाजलेल्या चित्रांच्या नकला आहेत, त्या मी भरभर चालत बघितल्या. हस्तिदंतावरच्या आणि चंदनावरच्या कोरीवकामापुढे मालक बराच वेळ उभे होते. ते फर्निचरचं काम करतात. पॉलिश कसलं असेल यावर स्वतःशीच बोलत होते.

आणि मग ती आई. हेन्री मूर म्हणून इंग्लंडचा शिल्पकार, जगभर त्याची शिल्पं मोठमोठ्या बागांतून उभी असतात. त्याचं 'आई आणि मूल' हे छोटं शिल्प खटाव तालुक्यातल्या या डोंगरावर आहे. मी आधी पुढेच गेले होते, खरं सांगते. नाकडोळे धड नाहीत, दागिना नाही, नेसणं नाही. माझ्या कामाचं त्यात काहीच नव्हतं. आत्यांनी हाक मारली. "ये हिकडं. लेकरू कुठं संपतंय नि आई कुठं सुरू हुती, दाव बरं." मी बघत राहिले. शिवण सापडेना. मी रोज दोन तुकडे जोडून खातेय, जोड कुठे आहे ते मला अंधारात बोट फिरवून कळतं, आणि इथे मला जोड सापडत नव्हता. लेक म्हणाली, आई, चल ना, डबा.

उजेडाबद्दल सांगायलाच हवं. आत उजेड वरच्या बाजूने उतरतो, आणि चित्रांसाठी तोच चांगला. पण आभाळ भरून आलं की रंग दबतात, मधूनच ऊन पडलं की सगळी भिंत एकदम जागी होते. त्या दिवशी ढग पळत होते, त्यामुळे एकच चित्र आम्हाला दोनदा वेगळं दिसलं. पावसात जाणार असाल तर घाई करू नका, एका चित्रापुढे जरा थांबा, ढग सरकू द्या. घाईच असेल तर उन्हाळ्यात जा.

साताऱ्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयाशी तुलना होणारच, म्हणून थोडक्यात. ते एसटी स्टँडजवळ आहे, भर पावसातही छत्री न उघडता पळत जाता येतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून आणलेली वाघनखं १९ जुलै २०२४ ला तिथे मांडली तेव्हा आम्हीही बघून आलो. साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा इथला प्रतिनिधी, ग्रँट डफ याच्याकडची ती वाघनखं. महाराजांनी १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी वापरली ती हीच का, हे लंडनचं म्युझियमही छातीठोक सांगत नाही. तरी काचेपुढे उभं राहिल्यावर अंगावर काटा यायचा तो आलाच. वाघनखं नंतर पुढच्या शहरांत गेली. तलवारी, कट्यारींत रमणारी मुलं असतील तर पावसाचे दोन तास तिथे सहज जातात. माझं मन औंधात जास्त रमलं, पण माझा धंदाच तसला.

जायचं असेल तर सुट्टीचा वार आणि वेळ आधी विचारून घ्या. डोंगरावर जाऊन कुलूप बघण्यासारखं दुःख नाही. दोन तास पुरतात असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, आम्हाला तीन लागले आणि छोटी चित्रं राहिलीच. लहान मुलांना आधी खाऊ घाला, मग आत न्या. आम्ही उलट केलं. डबा शेवटी गाडीत बसून खाल्ला, काचा वाफेने पांढऱ्या झालेल्या, खर्ड्याचा वास सीटला अजून आहे. मग वर जाऊन यमाईचं दर्शन, आणि खाली आल्यावर गावातल्या देवळापुढची ती उंच दीपमाळ. लेकीने मान इतकी मागे टाकली की टोपी पडली.

परत येताना रहिमतपूर सोडलं आणि पाऊस पुन्हा काचेवर. मालकांनी वायपर लावला, एकाने काम सुरू केलं.

आत्या गप्प होत्या, मला वाटलं दमल्या. घरी आल्याआल्या चहासुद्धा न घेता भजनी मंडळातल्या सगळ्यांना एकेक करून फोन लावत बसल्या. आता रोज दुकानात येऊन विचारतात, सतरा बायकांना एक टेम्पो ट्रॅव्हलर पुरतो का दोन लागतात, आणि त्यातल्या चौघी जाड आहेत ते धरून सांग.