डॉक्टर एक नंबर, पण सिस्टर टिकवा की

आईच्या खुब्याचं ऑपरेशन बेळगावातल्या एका खासगी हॉस्पिटलात केलं. ऑपरेशन झकास झालं, डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं, बिलातही घोळ नाही. तरी 3 स्टारच देतोय आणि त्याचं कारण नर्सिंग आहे.

आईच्या वॉर्डात गोकाककडच्या एक सिनियर सिस्टर होत्या, घरची भाषा कन्नड पण आमच्या खानापूरच्या आईशी मराठीतनंच बोलायच्या. रात्री राऊंडला आल्या की आधी सलाईनचा हात बघणार, मग चार्ट. एकदा सुईच्या वरच्या बाजूला जरासं फुगलं होतं, आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, त्यांनी बोट लावून बघितलं, लगेच सलाईन बंद केलं, सुई काढली आणि दुसऱ्या हाताला लावली. दोन पायांच्या मध्ये उशी ठेवून कूस कशी बदलायची तेपण मला त्यांनीच शिकवलं.

आईला डिस्चार्ज मिळायच्या आधीच त्या नोकरी सोडून गोव्याला गेल्या. पगार जास्त, राहायला खोली, आणि चोर्ला घाटातनं सुट्टीला घरी येता येतं, मग कोण थांबणार सांगा? त्यांच्या जागी नुकत्याच पास झालेल्या पोरी आल्या, मेहनती आहेत, गोड बोलतात, पण रात्री अख्ख्या वॉर्डाला दोघीच, शिकवायला सिनियर कोणी नाही. आईचं दुखण्याचं इंजेक्शन उशिरा मिळालं ते यामुळं, त्यात त्या पोरींचा काडीचाही दोष नाही.

सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरनं 2016 मध्ये केंद्र सरकारच्या समितीनं शिफारस केली होती की 50 पेक्षा कमी बेडच्या खासगी हॉस्पिटलातसुद्धा नर्सला महिन्याला निदान 20,000 मिळावेत, आणि 200 च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सएवढा पगार. इतकी वर्षं झाली त्याला! बेळगावात नर्सिंग कॉलेजं ढीगभर आहेत, पोरी शिकतात इथं आणि हात बसला की गोवा, बेंगळुरू, नाहीतर गल्फ. मॅनेजमेंटला कळकळीनं सांगतो, नवीन मशीन जरा उशिरा घ्या पण पगार वाढवा, नाईटनंतर पूर्ण सुट्टी द्या, राहायची सोय करा. नोकरी सोडू नये म्हणून नर्सचं सर्टिफिकेट अडवून ठेवल्यानं कोण मनापासून काम करत नाही.

फॉलोअपला इथंच जाणार, डॉक्टरांवर विश्वास आहे. तुम्ही कुणाला ॲडमिट करणार असाल तर रूमचं भाडं विचारायच्या आधी रात्री वॉर्डात सिस्टर किती असतात आणि त्यात जुनी कोण आहे का, ते विचारा.