वायपरचा आर्म: एका पावसाळ्याच्या वापरानंतर

२०२५ ला पाऊस मे महिन्यातच येऊन धडकला. वायपर, टायर, ब्रेक हे सगळं मी दरवर्षी जूनच्या तोंडावर बघून घेते, त्यामुळे या वेळी काहीच बघून झालं नव्हतं. पुण्याहून चिपळूणला आई-बाबांकडे निघाले होते. ताम्हिणी घाटात धो धो कोसळायला लागला आणि ड्रायव्हर बाजूचा वायपर काचेच्या मध्यावर येऊन थांबला. डावा नीट फिरत होता, उजवा जागच्या जागी थरथरत होता. समोरचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. रस्ता जरा रुंद झाला तिथे गाडी कडेला घेऊन पाऊण तास बसून राहिले. तो पाऊण तास मी विसरलेले नाही, म्हणूनच एवढं सविस्तर लिहिते आहे.

गाडी २००८ ची, छोटी पेट्रोल हॅचबॅक. इंजिन अजून ठणठणीत आहे. परतल्यावर एका गॅरेजमध्ये दाखवली तर उत्तर तयारच होतं: "ताई, मोटर गेली. लिंकेजसकट अख्खा सेट टाकावा लागेल." लिंकेज म्हणजे मोटरची हालचाल दोन्ही वायपरांपर्यंत पोचवणाऱ्या दांड्या. अंदाज साडेचार हजारांचा. मोटर बाहेरून मिळते का ते बघायला नाना पेठेत गेले. तिथल्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या काकांनी एकच प्रश्न विचारला, "डावा फिरतोय ना? मग मोटर कशी गेली? दोन्ही वायपर एकाच मोटरवर चालतात. आधी आर्मचं टोपण काढून नट बघा."

आर्म म्हणजे पातं धरून ठेवणारा दांडा. घरी येऊन त्याच्या बुडावरचं ते काळं प्लॅस्टिकचं टोपण उचकटलं. खालचा नट बोटांनी फिरत होता! आर्म काढून उन्हात धरला तेव्हा सगळा उलगडा झाला. मोटरकडून येणारा शाफ्ट लोखंडी आणि त्यावर बारीक दाते असतात. आर्मचं बूड मऊ धातूचं असतं. नट आवळला की शाफ्टचे दाते त्यात रुततात आणि पकड येते. नट सैल झाला की मऊ धातूच झिजतो. माझ्या आर्मचं भोक आतून गुळगुळीत झालं होतं आणि कडेला राखाडी भुकटी साचली होती. शाफ्टचे दाते मात्र शाबूत होते.

आधी स्वस्तातला उपाय करून पाहिला. शाफ्ट वायर ब्रशने घासला, भोकात पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पट्टी घातली, नट आवळला. जेमतेम दोन आठवडे टिकलं. रिमझिम पावसात चालतं, पण काच अर्धवट सुकली असताना पातं अडकत ओढलं जातं तेव्हा पट्टी घसरते. वाटेत अडकलात तर घरी पोचण्यापुरता ठीक आहे, त्यापलीकडे या उपायावर घाटात उतरू नका.

मग नवे आर्म आणले, साडेतीनशेला एक. डावा फिरत असूनही तोही बदलला. त्याचं कारण स्प्रिंग. आर्मच्या सांध्यातली स्प्रिंग पात्याला काचेवर दाबून धरते आणि वर्षांनुवर्षांत ती सैल पडते. माझ्याकडे सामान तोलायचा छोटा ताणकाटा आहे. पातं जिथे अडकतं तिथे तो लावून, पातं काचेवरून जेमतेम सुटेपर्यंत ओढलं. दोन्ही पाती १८ इंची. उजवीकडे ५९० ग्रॅम भरलं, डावीकडे ३८०. एक्स्प्रेस वेवर ऐंशीच्या पुढे गेलं की डावीकडे मधोमध पाण्याचा पट्टा का राहायचा, हे तेव्हा कळलं. दोन वर्षांत पात्यांच्या तीन जोड्या बदलल्या होत्या मी, आणि दोष पात्यांचा नव्हताच.

डावा आर्म मात्र गंजाने शाफ्टवर असा बसला होता की हलेना. इथे घाई करू नका. स्क्रू ड्रायव्हरने खालून उचकटलं तर काचेची कड उडू शकते, आणि हातोडी मारली तर खाली लिंकेजचे प्लॅस्टिकचे सांधे निखळतात. मी नट काढला नाही, दोन-तीन आटे सैल करून ठेवला. बुडाशी डब्ल्यूडी-४० (गंज सोडवणारा स्प्रे) मारून रात्रभर तसंच राहू दिलं. सकाळी बॅटरीचं टर्मिनल ओढून काढायचं छोटं अवजार, पुलर, लावून हळूहळू आवळत गेले. "टक्" असा आवाज झाला आणि आर्म सुटला. पातं काढलेलं असताना काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेवाच. उघडा आर्म स्प्रिंगच्या जोराने आपटला तर काच तडकते.

बसवताना वायपर एकदा चालवून स्विचनेच बंद केला, म्हणजे मोटर आपल्या मूळ जागी थांबते. जुनं पातं जिथे विसावायचं तिथे आर्म काढण्याआधीच मास्किंग टेप लावून ठेवली होती, नवं बरोबर त्या रेषेवर घेतलं. दात्यांना ग्रीस लावलं नाही, सगळी पकड तिथेच असते. तेलाचा थेंब फक्त सांध्याला.

जुलैत नवीनच कटकट सुरू झाली. वर जाताना पातं गप्प, खाली येताना टर्र टर्र. आधी काच साबणाने धुतली, थोडा फरक पडला, आवाज गेला नाही. मग वायपर चालू असताना तो अर्ध्यात आला तेव्हा चावी बंद केली आणि खाली वाकून बाजूने पाहिलं. रबराची धार काचेला काटकोनात हवी, माझी एका अंगाला कललेली होती. आर्मचं टोकच किंचित पिळलेलं. धार जाताना एका बाजूला आणि येताना दुसऱ्या बाजूला लवली पाहिजे. आर्म तिरका असला की ती एका दिशेला लवतच नाही, उड्या मारते. पातं काढून, टोकाला फडकं गुंडाळून दोन स्क्रू पान्यांनी थोडा थोडा पीळ दिला. तीनदा बसवून बघावं लागलं. चौथ्यांदा ओल्या काचेवरून ते पातं आवाज न करता खाली उतरलं तेव्हा मी मुलीला हाक मारून खाली बोलावलं आणि तिला दाखवलं.

ऑगस्टमध्ये नट पुन्हा तपासले. उजवा पाव फेरा आवळला गेला, म्हणजे नवा आर्म बसताना थोडा दबतो. पहिल्या महिन्यानंतर हे करणं मी सक्तीचंच मानते. त्यानंतर सप्टेंबरचे दोन मोठे पाऊस आणि गणपतीतली चिपळूणची फेरी धरून एकदाही सैल पडलेला नाही. नुकतं पुन्हा मोजलं, दोन्ही बाजू सहाशेच्या आसपास. या नव्या आर्मचा काळा रंग मात्र सांध्याजवळ आत्ताच फुगायला लागला आहे, तिथे पॉलिश पेपर मारून रंगाचा हात द्यावा लागेल. गाडीचं री-पासिंग, म्हणजे पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण, २०२३ ला झालं, पुढचं २०२८ ला, आणि तेव्हाही वायपर नीट चालायला हवेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०१ वा नियम वायपरचाच आहे. नटाला लागणारा बारा नंबरचा बॉक्स पाना आता डॅशबोर्डच्या कप्प्यात कायमचा ठेवला आहे.