कचऱ्यासाठी जोडडबा बरा की सिमेंटची कुंडी?

आमच्या बसस्टँडवर दोन्ही आहेत, रोज पाहतो म्हणून सांगतो. सिमेंटची कुंडी मजबूत, कोणी चोरून नेत नाही, पण वरून उघडी, बाजाराच्या दिवशी ढोरं तोंड घालून भाजीपाल्यासोबत पन्नी पण गिळतात, पावसाळ्यात आत पाणी साचून मच्छर होतात, अन् रिकामी करायची तर सफाईवाल्या काकांना वाकून फावड्यानं उपसावं लागते, पाहवत नाही बाप्पा. जोडडबा म्हणजे ओल्याचा हिरवा अन् सुक्याचा निळा असे दोन डबे, लोखंडी स्टँडवर पिनेवर फिरतात, तिरपा केला की सगळा कचरा खाली. २०१६ च्या घनकचरा नियमांपासून ओला-सुका वेगळा ठेवायचं सांगितलंच आहे, कुंडीत ते होतच नाही. फक्त चोर पिन काढून डबे नेतात, तिच्या टोकाला वेल्डिंग मारा. मी जोडडबाच म्हणीन, पण झाकणाचा, अन् निळ्याचं तोंड बाटली जाईल एवढं गोल ठेवा.