सोलापुरातील घरगुती समुद्री रीफ टँक: एक उन्हाळा आणि एक पावसाळा पार पडल्यानंतर

हिवाळ्यात पाणी भरलेल्या माझ्या सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच रीफ टँकने (प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवण्याच्या काचेच्या टाकीने) आता एक पूर्ण उन्हाळा आणि पावसाळा पाहिला आहे. या छंदावर जी माहिती सहज मिळते ती बहुतेक थंड देशांतल्या किंवा किनाऱ्यावरच्या शहरांतल्या लोकांनी लिहिलेली असते. एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडणारा पारा, अंगातले पाणी शोषणारी कोरडी हवा, बोअरचे जड पाणी आणि काही दिवसांआड येणारे नळाचे पाणी यांचा विचार तिच्यात नसतो. म्हणून सुरुवातीलाच माझे मत सांगतो: सोलापुरात रीफ टँकचे नियोजन गोड्या, शुद्ध पाण्याच्या हिशेबापासून सुरू करावे आणि मासे, दिवे व सजावट यांचा विचार त्यानंतर करावा.

आधी वजनाबद्दल थोडक्यात. चोवीस घनफुटांच्या या टँकमध्ये सुमारे ६८० लिटर पाणी मावते. १२ मिलिमीटर जाडीची काच, खडक, वाळू, लोखंडी स्टँड आणि खालचा सम्प (पाणी गाळून परत वर पाठवणारी दुसरी टाकी) धरला की एकूण भार एक टनाच्या आसपास जातो आणि तो सारा बारा चौरस फुटांवर येतो. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापरभार गृहीत धरून बांधलेला असतो, त्यामुळे वरच्या मजल्यावर टँक ठेवायचा असल्यास स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. आमचा टँक तळमजल्यावर, थेट जमिनीवरच्या फरशीवर आहे.

पाहुणे हमखास विचारतात की समुद्राचे पाणी आणता कोठून. ते आणावे लागत नाही. शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ मिसळले की काम होते. अवघड असते ते शुद्ध पाणी. आपल्या भागातील बोअरचे पाणी काळ्या पाषाणातून येत असल्याने जड असते आणि आरओच्या मेम्ब्रेनवर त्याचा थर लवकर बसतो. त्यामुळे मी नळाचे पाणी वेगळ्या टाकीत साठवून तेच गाळतो: आधी सेडिमेंट फिल्टर, मग क्लोरीन काढणारा कार्बन, त्यानंतर मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे). स्वयंपाकघरातला पिण्याचा आरओ येथे उपयोगाचा नाही, कारण चवीसाठी त्यात थोडे मूळ पाणी परत मिसळण्याची सोय असते आणि रीफसाठी मीठ मिसळण्याआधीच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्य लागतो. पाण्यात राहिलेले नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट पुढे शेवाळाचे खाद्य होतात.

या शुद्ध पाण्याची सर्वाधिक गरज टँक भरताना लागते असे वाटते, पण ती उन्हाळ्यात लागते. पाण्याचे तापमान २५ ते २७ अंशांत राखायचे तर सोलापूरच्या कोरड्या हवेत सर्वांत गुणी साधन म्हणजे पृष्ठभागावर वारा घालणारे साधे पंखे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट इतकी उष्णता टँकमधून निघून जाते. मे महिन्यात माझ्याकडे दिवसाला बारा लिटरच्या आसपास पाणी उडत होते, म्हणजे नगण्य विजेत आठ युनिटांची उष्णता बाहेर जात होती. दमट किनाऱ्यावर पंख्यांचा इतका उपयोग होत नाही. आपल्या रखरखीत हवेचा हा एक खरा फायदा आहे. मात्र वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहते. बारा लिटर उडाल्यावर ३५ ची क्षारता (लिटरमागे ग्रॅम मीठ) ३५.६ वर जाते आणि शुद्ध पाण्याची भर न घातल्यास तीन दिवसांत ३७ च्या जवळ पोहोचते. ही भर आपोआप घालणारे ऑटो टॉप-ऑफ यंत्र येथे चैनीची वस्तू नाही, ते अत्यावश्यक आहे. आरओ लिटरमागे तीनेक लिटर पाणी बाहेर टाकतो. ज्या शहरात पाण्याची वाट पाहावी लागते तेथे ते गटारात सोडणे मला पटत नाही, म्हणून त्याचा नळ पिंपात सोडून ते फरशी पुसण्यासाठी आणि शौचालयात वापरतो.

दुपारच्या ऐन तापात मात्र पंखे पुरत नाहीत आणि चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) चालवावा लागतो. चिलर पाण्यातून काढलेली उष्णता स्वतःच्या उष्णतेसह बाहेर फेकतो, त्यामुळे तो स्टँडच्या बंद कपाटात ठेवल्यास आपणच आपल्याशी भांडत बसतो. माझा चिलर पाइप लांबवून मागच्या सावलीच्या बोळात ठेवला आहे. पावसाळ्यात हवा दमट झाल्याने वाफ कमी होते, पण तोवर उकाडाही उतरलेला असतो. त्या महिन्यांत चिलर क्वचितच लागला.

वीज जाण्याचा विचार टँक बांधतानाच करावा. २५ अंशांच्या समुद्री पाण्यात लिटरला सुमारे पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो सव्वासहाच्या आसपास येतो. म्हणजे उन्हाळ्यात वीज गेल्यावर धोका दोन्ही बाजूंनी वाढतो: पाणी तापते आणि त्यात प्राणवायूही कमी मावतो. इन्व्हर्टरवर मी फक्त वेव्हमेकर (टँकमधले पाणी हलते ठेवणारे छोटे पंप) ठेवले आहेत, कारण पाणी हलते राहिले तर पृष्ठभागातून प्राणवायू मिळत राहतो. सम्पमधून पाणी वर चढवणारा रिटर्न पंप थांबताच ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी खाली सोडणाऱ्या मार्गाच्या) पातळीवरचे पाणी खाली सम्पमध्ये उतरते. या आकाराच्या टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे २८ लिटर, आणि तेवढी जागा सम्पमध्ये कायम रिकामी लागते. खाऱ्या पाण्याशेजारी वीज असल्याने ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवण्यात काटकसर करू नये.

प्रवाळांबाबत स्पष्ट लिहिणे मला कर्तव्य वाटते. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण २००१ पासून आहे आणि समुद्रघोडेही संरक्षित आहेत, तरी विक्रेते ते सर्रास देऊ करतात. मी ते घेतले नाहीत. समुद्रातून काढलेल्या खडकाऐवजी सच्छिद्र सिरॅमिक खडक वापरला. त्यावर अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावेपर्यंत काही आठवडे टँक माशांविना चालवला. त्यानंतर तपकिरी डायटम (सूक्ष्म शैवाल) आले, मग हिरवे केसाळ शेवाळ. दोन्ही आपापल्या वेळी ओसरले. क्लाउनफिशची जोडी बंदिवासात जन्मलेली घेतली. त्यांच्या प्रजननाचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडेच विकसित केलेले असताना समुद्रातून पकडलेल्या माशांचा आग्रह धरण्याचे कारण उरत नाही. नवा मासा मी वेगळ्या छोट्या टँकमध्ये काही आठवडे ठेवूनच आत सोडतो, कारण पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरचे तांब्याचे औषध मुख्य टँकमधील अपृष्ठवंशी जीव मारून टाकते.

सध्या टँकमध्ये मशरूम आणि झोअँथिड हे प्रवाळांसारखे मऊ जीव आहेत. दगडी सांगाडा न बांधणाऱ्या या जिवांना कॅल्शियमची मागणी फारशी नसते, त्यामुळे आठवड्याला दहा टक्के पाणी बदलल्यावर कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅम आणि क्षारीयता (पाण्याची आम्ल सोसण्याची क्षमता) ८ डीकेएच या एककाच्या जवळ टिकून राहते व ही द्रव्ये थोडी थोडी सोडणाऱ्या डोसिंग पंपाची गरज पडलेली नाही. काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. ते असलेला खडक हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा, तो कधीही उकळू नये किंवा गरम पाण्याने धुऊ नये, आणि घरात लहान मुले असल्यास टँकचे झाकण कुलूपबंद ठेवावे.