एकाच चिखलातल्या दोघी: बायफ्लेक्सा आणि इंटेरोगन्स
खडकवासला धरणातून पाणी सोडलं की पुण्यातला भिडे पूल बुडतो. पाणी ओसरल्यावर नदीपात्रात जो चिखल उरतो, त्यात लेप्टोस्पायरा या जिवाणूच्या या दोन्ही जाती असू शकतात. दोघी मळसूत्रासारख्या पिळदार, टोकाला आकड्यासारख्या वळलेल्या. जाडी जेमतेम ०.१ मायक्रोमीटर, त्यामुळे डार्कफील्ड सूक्ष्मदर्शकच लागतो. तिथे काळोखात चांदीची तार वळवळावी तशा दिसतात. कोण कुठली, हे नुसतं बघून कळत नाही.

बायफ्लेक्सा माती-पाण्यातच जन्म काढते, रोग करत नाही. १३ अंश सेल्सिअसलाही ती वाढते. इंटेरोगन्स तिथे रुसून बसते. ओळखायची जुनी खूण हीच. इंटेरोगन्सचं बिऱ्हाड उंदरांच्या मूत्रपिंडात. लघवीवाटे पाण्यात उतरते, पायावरच्या जखमेतून आपल्यात शिरते. मग ताप, पोटऱ्या ठणकणं, कधी कावीळ. (नाव पडलं प्रश्नचिन्हासारख्या आकारावरून, १९०७ साली.)

प्रयोगशाळेत मी बायफ्लेक्साच घेईन: लवकर वाढते, जनुकांत फेरफार सोपे, जिवाला घोर नाही. फक्त आजार कसा होतो हे विचारलंत, तर ती फारसं बोलत नाही. त्यासाठी इंटेरोगन्सच गाठावी लागते. चिखलातून जाताना मात्र सरळ गमबूट.