थायरॉइडची टेस्ट करायची असेल तर कॉलेज रोडची ही लॅब, पाच स्टार

सिडकोहून रक्त द्यायला कॉलेज रोडला जाते म्हटलं की सासूबाई म्हणतात अगं आपल्या गल्लीच्या तोंडाशीच लॅब आहे की. पण मी आता इथेच जाणार.

पहिल्यांदा गेले तेव्हा रक्त घेणाऱ्या ताईंनी दंडाला पट्टा बांधला, सुई हातात घेतली आणि विचारलं, केसांच्या वगैरे गोळ्या चालू आहेत का? म्हटलं हो, बायोटिनच्या, केस फार गळतायत. त्यांनी लगेच पट्टा सोडला. म्हणाल्या आज नको, तीन दिवस बंद ठेवून या, बायोटिनमुळे बऱ्याच मशीनवर टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) खोटा कमी आणि टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) खोटा जास्त दिसतो. एक रुपया घेतला नाही! इतकी वर्षं टेस्ट करतेय, हे कुणी विचारलंच नव्हतं.

आधीच्या लॅबमध्ये (नाव नाही घेत) दर तीन महिन्यांच्या पॅकेजात अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीची टेस्ट) असायचंच, ४१२ चे ५३० झाले तेव्हा माझी झोपच उडाली, रात्र रात्र मोबाईलवर वाचत बसायचे. इथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी दहा मिनिटं बसवून समजावलं. टीपीओ हे थायरॉइडमधलंच एन्झाइम, आयोडीनपासून हार्मोन बनवायला लागतं, आणि आपलीच प्रतिकारशक्ती त्याला परकं समजून अँटीबॉडी बनवते. ग्रंथीची नासधूस मुख्यतः पांढऱ्या पेशी करतात, अँटीबॉडी ही त्याची खूण. याला हाशिमोटो म्हणतात, १९१२ साली एका जपानी डॉक्टरनी पहिल्यांदा लिहून ठेवलेला आजार. एकदा पॉझिटिव्ह आली की कारण कळलं, पुढे डोस टीएसएचवर ठरतो, मग तो आकडा परत परत कशाला मोजायचा? त्यांनी स्वतःच माझ्या टेस्टमधून अँटी-टीपीओ खोडलं.

वहिनीची पण पॉझिटिव्ह आली, पण टीएसएच २.८, नॉर्मल. तिच्या डॉक्टरांनी गोळी दिली नाही, वर्षातून एकदा टीएसएच करा आणि दिवस राहिले तर लगेच सांगा म्हणाले.

पार्किंगचे हाल आहेत, गाडी लांब लावावी लागते. रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येतो.

आणि हो, सकाळची थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची हेही ताईंनीच सांगितलं. बाटली पर्समध्येच ठेवते, तिथल्या कूलरच्या पाण्यासोबत गोळी घेते, घरी येऊन आंघोळ होईस्तोवर तास होतो, मग चहा.