बेडसे, बेलम की मेघालय? पुण्याहून गुहेत उतरायचं ठरवताय त्यांच्यासाठी

पुण्यात राहून गुहांची हौस भागवायची तर पहिली अडचण आपल्या दगडाची आहे. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थरावर थर, बेसाल्ट. नैसर्गिक गुहा बहुतेक लागतात चुनखडीत. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, फटीफटींतून मुरतं आणि लाखो वर्षांत चुनखडी विरघळवून बोगदे आणि दालनं तयार करतं. आपल्या काळ्या कातळापुढे त्याचं फारसं काही चालत नाही. म्हणून मावळात आणि जुन्नरला जे आहे ते जवळजवळ सगळं छिन्नी-हातोड्यानं कोरलेलं. ‘केव्ह एक्सप्लोरेशन’ नावानं ज्या रविवारच्या सहली निघतात, त्यातल्या बऱ्याच म्हणजे कार्ले-भाजेचा नेहमीचा ट्रेक, फक्त डोक्यावर हेल्मेट. ट्रेक छानच असतो, पण पैसे कशाचे भरतोय हे माहीत असावं.

आधी स्वतःला विचारा, तुम्हाला दगड बघायचाय की अंधार? उत्तर दगड असेल तर लोणावळा लोकल पुरते. अंधार हवा असेल तर महाराष्ट्राबाहेर पडावं लागेल.

दगडवाल्यांसाठी मावळात तीन नावं आहेत आणि तिन्ही एका दिवसात उरकायचा मोह होतो. तो टाळा. कार्ल्याचं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनेचं दालन, सुमारे ३८ मीटर लांब आहे, भारतातलं सर्वांत मोठं, आणि छताच्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. पण दारातच एकवीरेचं देऊळ. चैत्रात आणि सुट्टीच्या दिवशी दर्शनाच्या रांगेतून वाट काढत लेण्यापर्यंत पोचावं लागतं. भाजे त्याहून जुनं, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासचं. मळवली स्टेशनवरून चालत जाता येतं, वर लोहगड-विसापूर आहेतच. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मात्र तिथे लेण्यापेक्षा धबधब्याची गर्दी जास्त.

माझं मत बेडशाला. कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला लागायचं, पायऱ्या चढायच्या. वर पोचल्यावर समोर चैत्य दिसतच नाही. कारागिरांनी पुढचा कातळ दोन्ही बाजूंनी तसाच सोडलाय आणि मधून एक अरुंद बोळ काढलाय. त्या बोळातून आत शिरलं की एकदम मान वर करायला लावणारे खांब, आणि त्यांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेली माणसं. शेजारचा विहार, म्हणजे भिक्खूंची राहायची जागा, तोही वेगळा आहे. विहार सहसा चौकोनी असतात, हा मागे गोलाकार आणि कमानदार छताचा. पूर्वेकडे तोंड असल्यामुळे सकाळी लवकर गेलात तर ऊन थेट आत येतं.

पण एवढं सगळं बघूनही गुहा झाली असं म्हणता येत नाही, कारण आत कुठेच मिट्ट काळोख नाही. बंद जागेत आपल्याला भीती वाटते का, हे तिथे कळणार नाही. तिथला खरा धोका वेगळाच आहे. आग्या मोहोळं. लेण्यांच्या कपाळावर पोळी लटकलेली असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा, फटाका, काहीही पुरतं. डोक्यावरचं हेल्मेट त्यात कामाचं नाही, शांत राहणं कामाचं आहे. आणि दुपारी लोकलला मोठा खंड पडतो, परतीची वेळ बघूनच निघा.

ज्यांना निदान पाण्यात उतरायचंय त्यांनी हरिश्चंद्रगडाची केदारेश्वराची गुहा करावी. मधे मोठं शिवलिंग, भोवती चारपैकी एकच खांब शाबूत, आणि प्रदक्षिणा घालायची तर कमरेपर्यंतच्या बर्फगार पाण्यातून. पहिली दोन मिनिटं पायांना कळतच नाही आपण कुठे टेकतोय. कपडे बदलायला घेऊन जा. पाचनईची वाट सोपी, खिरेश्वरची जास्त लांब. हीसुद्धा कोरीव गुहाच आहे, पण आपल्या बाजूला भुयारी सहलीच्या सगळ्यात जवळ जाणारा अनुभव हाच.

आता अंधार.

पुणेकरांना सगळ्यात सोपं पडतं ते आंध्रातलं बेलम. पुणे-चेन्नई रेल्वेमार्गावर ताडिपत्री लागतं. रात्रभराचा प्रवास, तिथून पुढे साधारण तीस किलोमीटर रस्त्यानं. गाडीनं जाणारे गंडिकोटा जोडून करतात आणि ते योग्यच. बेलमची पहिली गंमत बाहेरच आहे. डोंगर नाही, सुळका नाही, सपाट रान आणि त्यात विहिरीसारखं भोक, त्यात जिना उतरतो. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्ये या गुहेची नोंद केली. १९८२-८३ मध्ये जर्मन गुहाशोधक डॅनिएल गेबाउअर यांच्या गटानं तिचं मोजमाप केलं, आणि २००२ पासून ती पर्यटकांना खुली आहे. एकूण लांबी ३.२ किलोमीटरच्या आसपास, त्यातलं साधारण दीड किलोमीटर फिरता येतं. आत रंगीत दिवे आहेत (मला आवडले नाहीत), पायवाट आहे, हवा सोडायची सोय आहे. तरीही आत इतकं कोंदट असतं की शर्ट पाठीला चिकटतो. सगळ्यात खोल जागा पातालगंगा, सुमारे ४६ मीटर खाली. तिकडे जाताना वाट अरुंद होते, छत खाली येतं, वाकून चालावं लागतं. तिथे छातीत धडधडायला लागलं आणि परत फिरावंसं वाटलं, तर तुम्हाला हवं ते उत्तर मिळालं. बाहेर या, गंडिकोट्याची दरी बघा, आणि मेघालयाचे पैसे वाचवा.

दिवे नकोच असतील तर छत्तीसगडमधली कोटुमसर. जगदलपूरजवळ, कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात. सोबत वाटाड्या आणि त्याच्या हातातला कंदील, बाकी काळोख. पावसाळ्यात बंद असते. पुण्याहून पोचायला त्रास आहे, रायपूरपर्यंत गेल्यावर पुढे आणखी तीनशेएक किलोमीटर. आत आंधळे मासे आहेत. पुणेकरांनी हे लक्षात ठेवावं, की अभ्यासकांनी ते ज्या जातीतले म्हणून नोंदवले, त्या एव्हेझार्डी माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये केलं ते पुण्यात सापडलेल्या नमुन्यावरून. आपल्या नदीतला मासा उघड्या डोळ्यांचा, त्याचे तिथले भाऊबंद अंधारात डोळे गमावलेले.

बेलम आणि कोटुमसर यांत निवडायचं तर कुटुंबाला बेलम, मित्रांच्या टोळक्याला कोटुमसर. दोन्हीकडे दोर लागत नाही.

दोर, पोहणं, रांगणं हे सगळं मेघालयात. सोहरा म्हणजे चेरापुंजीजवळची मॉस्माई गुहा दिव्यांची आणि छोटी आहे. सहलीला आलेल्यांसाठी ती ठीक, पण एवढ्यासाठी पुण्याहून विमानानं जाऊ नका. खरा माल जैंतिया हिल्समध्ये. तिथली क्रेम लियाट प्राह (क्रेम म्हणजे गुहा) ३० किलोमीटरहून लांब आहे. मॉसिनरामकडची क्रेम पुरी वालुकाश्मातली, २४.५ किलोमीटर, २०१८ मध्ये तिची मोजणी जाहीर झाली तेव्हा ती वालुकाश्मातली जगातली सर्वांत लांब गुहा ठरली. सोहराजवळच्या मॉम्लूह गुहेतल्या एका निक्षेपावरून (पाण्यातला चुना साचून झालेल्या दगडावरून) भूशास्त्रज्ञांनी ४,२०० वर्षांपूर्वीपासून आजपर्यंतच्या कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव दिलं. हे सगळं उजेडात आलं ते बरंचसं शिलाँगच्या मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशनमुळे. १९९२ पासून परदेशी गुहाशोधकांबरोबर त्यांच्या मोहिमा चालू आहेत. दर वर्षी हिवाळ्याच्या शेवटी उतरायचं, टेप आणि होकायंत्रानं मोजायचं, रात्री तळावर नकाशा काढायचा. मोहीम म्हणजे दिवसाचे कित्येक तास चिखल आणि गळ्यापर्यंत पाणी. आणि जमीन गावाची किंवा कुळाची असते, तेव्हा गावाच्या परवानगीशिवाय आत पाऊल टाकायचं नाही.

इथे नोव्हेंबर ते मार्च सोडून जायचा विचारही नको. मेघालयात पाऊस सुरू झाला की नदीच्या गुहेत पाणी किती वेगानं चढेल याचा अंदाज आत असलेल्याला येत नाही.

खर्चाचं साधं गणित असं: बेडसे म्हणजे एक सुट्टी आणि वडापाव. बेलम-गंडिकोटा म्हणजे जोडून आलेल्या सुट्टीचे तीन दिवस. मेघालय म्हणजे विमान, आठवडाभराची रजा, आणि दोर हाताळायचा सराव आधीच झालेला असणं. तो सराव मात्र इथेच होतो. पुण्यात गिर्यारोहण संस्था पुष्कळ आहेत, प्रस्तरारोहणाचे वर्ग घेतात. गुहेत दोरावरून वर यायचं तंत्र वेगळं असतं, पण गाठी, हार्नेस आणि घाबरून न जाणं हे तिथेच शिकून होतं.

कोणत्याही आयोजकाकडे पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. एका वाटाड्यामागे माणसं किती? प्रत्येकाजवळ उजेडाची किती साधनं? (गुहेत उतरणाऱ्यांचा जुना नियम तीनचा: एक डोक्यावर, दोन राखीव. मोबाइलचा टॉर्च त्यात धरत नाहीत.) बाहेर कोणाला सांगून जाता, आणि ठरलेल्या वेळेला परतलो नाही तर ती व्यक्ती काय करते? आणि आतले झुंबरासारखे लोंबणारे निक्षेप कोणी हात लावून बघितले तर तुम्ही काय म्हणता? शेवटचा प्रश्न फालतू वाटेल. पण ते वर्षाला मिलिमीटरचा काही अंश एवढेच वाढतात आणि हाताच्या तेलानं तिथली वाढ थांबू शकते. ज्याला एवढं माहीत नाही, त्याच्याकडे दोर आणि दिव्यांची चौकशी करायची गरजच उरत नाही.